येतो हं, आजी

सांगू की नको करता करता इतकी वर्षं गेली, की न सांगणं हाच माझा स्वभाव होऊन बसला. बायकोला सांगितलं नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्ही पहिले. तुम्ही मला ओळखत नाही हे बरंच आहे — उद्या भाजी घेताना समोर आलात तरी मला मान खाली घालायला नको. पण बोलणार मी तुमच्याशी मित्राशी बोलावं तसंच. कालपासून छातीत अशी धडधड चालली आहे, की त्यातली भीती किती आणि आनंद किती, मला वेगळं काढता येत नाही.

एकदम मुद्द्यावर यायची मात्र हिंमत नाही. आधी एक छोटा गाढवपणा सांगतो. तुम्ही हसाल, आणि माझी जीभ जरा सैल होईल.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. घाटकोपर-मुलुंडपासून इकडे दहिसरपर्यंतच्या सोसायट्यांच्या लिफ्ट आमच्याकडे. लिफ्ट बंद पडली की सोसायटीवाले फोन करतात, फोनवर आमचा उद्धार करतात, आणि मग आम्ही मेकॅनिक पाठवतो. मालकांनी एकदा ठरवलं की जुने फोन काढून टाकायचे, सगळे कॉल इंटरनेटवरून घ्यायचे आणि येईल तो प्रत्येक कॉल रेकॉर्ड करायचा. हे काम माझ्याकडे आलं. का? तर घरचा वायफाय बंद पडला की मी तो बंद करून परत चालू करतो, हे एकदा डबा खाताना मी जरा जास्तच रंगवून सांगितलं होतं. ऑफिसात तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

मी हवेत होतो! हेडफोन काय, पडद्यावर हिरव्या रेषेत नाचणारा आवाज काय — झकास सगळं. "आपला कॉल सेवेच्या दर्जासाठी रेकॉर्ड केला जात आहे" ही घोषणासुद्धा मीच माझ्या आवाजात करायची असं ठरलं. कांदिवलीच्या घरी, सकाळी, बेडरूमचं दार लावून, घसा खाकरून मी ती मोबाईलवर बोललो. परत ऐकली नाही. स्वतःच्या आवाजावर एवढा विश्वास! सोमवारी यंत्रणा सुरू झाली, आणि गुरुवारी मला कळलं की फोन करणाऱ्या प्रत्येक माणसाला माझ्या त्या भारदस्त वाक्यापाठोपाठ आमच्या सौभाग्यवतींचा आवाज लख्ख ऐकू येतो आहे — "अहो, कितवी शिट्टी ही? गॅस बंद करा!"

घाटकोपरच्या एका सेक्रेटरींनी तर तक्रार सांगण्याआधी चौकशी केली म्हणे, वहिनींचा भात लागला नाही ना.

हे मला सांगितलं दत्ताने. दत्ताराम घाडी. फोनच्या टेबलावर बसून तक्रारी घेणारा, माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला, माझा — मित्र म्हणू का? म्हणतो. पुढचं ऐकून तुम्ही तो शब्द खोडून टाका हवं तर. दत्ताला ते सोमवारी सकाळीच कळलं होतं. पण पठ्ठ्या गुरुवारपर्यंत मजा बघत बसला. "काय करू राऊता," म्हणाला, "वैनींचो आवाज ऐकान लोक भांडाक विसरतत. माझा अर्धा काम कमी झाला." मी संतापलो आणि तो टेबलावर डोकं टेकून हसत राहिला. असा माणूस. कुडाळकडचा, आडव्या हाडाचा, आवाज गोदामाच्या शटरसारखा. मराठी बोलता बोलता कधी मालवणीत घसरेल त्याचा नेम नाही. शिव्या खाणं हे त्याचं काम, आणि त्याच्याशी बोलून फोन ठेवताना शिव्या देणारा हसत असायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. हे रेकॉर्डिंग आहे.

कारण आता मी ऐकायला बसलो होतो ना! रोज दुपारी हेडफोन लावून लोकांचे कॉल ऐकायचे, आपल्या माणसांच्या चुका काढायच्या, आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्या सगळ्यांना ऐकवायच्या. तुम्हाला खोटं वाटेल, पण टीव्हीवरच्या मालिका मला पाणचट वाटायला लागल्या. दुसऱ्याची चूक कानात, आरामात, खुर्चीत रेलून ऐकायला मिळणं — ह्यात काय गोडी असते हे मी इथे लिहिलं नाही तर हा कबुलीजबाब अर्धाच राहील.

तर दत्ताची एक चूक मला सापडली. त्याचा प्रत्येक कॉल एकाच शब्दाने संपायचा. "येतंय हां!"

म्हणजे 'बरंय, ठेवतो'. तुम्हीही म्हणता की! आपल्यात निघताना कोण 'जातो' म्हणतं? दारातून बाहेर पडताना येतो, फोन ठेवताना येतो. पण मी आता दर्जा सांभाळणारा माणूस झालो होतो. मीटिंगमध्ये मी दत्ताचे ओळीने पाच-सहा 'येतंय हां' वाजवून दाखवले. सगळे पोट धरून हसले. मग मी गंभीर चेहरा करून म्हणालो, की ग्राहकाचा गैरसमज होऊ शकतो. माणूस खरंच येतोय असं त्याला वाटेल. हा शब्द बंद.

"मग काय म्हणू?" दत्ता म्हणाला. "जातंय म्हणू? माझी आवस माका घरात घेवची नाय."

"'धन्यवाद, आपला दिवस शुभ असो' म्हण," मी म्हणालो.

"लिफ्टमधे अडाकलेल्या माणसाक?"

परत सगळे हसले. ह्या वेळी माझ्यावर. मालकही हसले. आणि मला राग आला. तो राग मला नीट आठवतो, कारण त्यानंतर जे झालं त्यात तो कुठेतरी आहेच. किती, ते मला अजून मोजता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात — आता येतोय मुद्द्यावर, थांबा, पाणी पितो — त्याच आठवड्यात एका दुपारी दत्ता डबा धुवायला बेसिनकडे गेला होता आणि त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. मी तिथून चाललो होतो. तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलला गेलाच पाहिजे, हा नियम कुणाचा? माझा. उचलला. आदर्श कॉल कसा असतो तो आता रेकॉर्ड करूनच दाखवू, असं मनात म्हणत उचलला.

पलीकडे एक आजी. घाटकोपरची सोसायटी, सहावा मजला, लिफ्ट बंद, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आमचे मेकॅनिक सगळे लांब अडकलेले. मी शांतपणे, मधाळ आवाजात सगळं समजावलं — आजी, तक्रार लिहून घेतली आहे. माणूस मोकळा झाला की पाठवतो. आज नाही जमलं तर उद्या सकाळी नक्की. एकही शब्द चुकीचा नाही. पाठ थोपटून घ्यावी असा कॉल. आणि मग, फोन कानापासून लांब नेता नेता, अगदी सहज, जसं माझे वडील म्हणायचे, जसं मी रोज दारात बायकोला म्हणतो, तसं मी म्हणालो —

"चला, येतो हं, आजी."

फोन ठेवला आणि चहा प्यायला गेलो. काही खटकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आजींचा मुलगा ऑफिसात आला. आरडाओरडा करणारा असता तर बरं झालं असतं. हा माणूस खुर्चीत बसून हळू आवाजात बोलत होता. आदल्या दिवशी त्याच्या नातवाचं बारसं होतं मुलुंडला. म्हणजे आजींचं पणतवंड. घरचे सगळे तयारीसाठी सकाळीच हॉलवर गेले होते. आजींना दुपारी शेजारच्या बाई टॅक्सीने घेऊन जाणार होत्या. बाळासाठी आजींनी स्वतः दुपटं शिवलं होतं, पाळण्यात तेच घालायचं होतं. आणि लिफ्ट बंद पडली. शेजारच्या बाई म्हणाल्या, वॉचमनला बोलावते, खुर्चीत बसवून खाली उतरवू. आजी म्हणाल्या, नको. आत्ताच बोलणं झालंय, तो येतो म्हणालाय.

नऊवारी नेसून, मांडीवर दुपटं घेऊन, आजी लिफ्टसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. शेजारच्या बाईंनी परत विचारलं तेव्हा परत तेच — येतो म्हणालाय ना. बारसं झालं. नाव ठेवून झालं. घुगऱ्या वाटून झाल्या. मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा आजी खुर्चीतच होत्या.

मालकांचा चेहरा उतरला. त्या एका सोसायटीत आमच्या बऱ्याच लिफ्ट होत्या, पण तेवढ्यासाठी नाही. मालकांची स्वतःची आईही तशीच थकलेली होती. ते मला म्हणाले, "राऊत, आता आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे ना? लाव. कोण 'येतो' म्हणालं ते ह्यांना कळू दे."

मी माझ्या टेबलाशी आलो. हेडफोन लावला. कॉल सापडला — दत्ताच्या फोनवर घेतलेला. घोषणा झाली. (शिट्टी काढून टाकली होती तोपर्यंत.) आणि मग माझा आवाज. काय गोड होता हो! 'येतो हं, आजी' ऐकलं आणि मी तिथेच बंद केलं.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, म्हणजे तुमचा काही गैरसमज व्हायला नको. आजींचा विचार नव्हता. दत्ताचाही नव्हता. त्या मीटिंगमधलं हसू माझ्या कानात वाजत होतं. ज्या शब्दावर मी बंदी घातली तो शब्द माझ्याच आवाजात, मालकांसमोर, दत्तासमोर वाजणार — आणि दत्ता टेबलावर डोकं टेकून हसणार. एवढंच. नोकरी जाण्याची भीतीसुद्धा नव्हती. हसं होण्याची होती. इतक्या स्वस्तात मी विकला गेलो.

कॉल काढून टाकायचं बटण दाबलं. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं कॉम्प्युटरने विचारलं. आयुष्यात इतकं थेट मला कुणी विचारलं नसेल. खात्री होती.

कॉल आल्याची नोंद राहिली. दत्ताच्या फोनची. आवाज तेवढा गेला.

आत जाऊन सांगितलं, सर, त्या वेळी नेट गेलं असावं, आवाज उतरला नाही. रस्ता खणताना आमच्या भागात केबल तुटायचीच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मालकांनी नोंद बघितली, दत्ताचं नाव बघितलं आणि म्हणाले, "घाडीच असणार. त्याचंच ते येतंय-बितंय. तू तर बजावलंही होतंस त्याला."

आणि मी म्हणालो — "हं."

'हो' म्हणालो नाही, एवढं खरं. 'हं' म्हणालो. ओठसुद्धा उघडावे लागत नाहीत. ह्या 'हं'चा मी इतकी वर्षं किती कीस काढला असेल! त्याचा अर्थ 'ऐकतोय' असाही होतो ना? 'बघू' असाही होतो ना? होतो. पण मालकांनी जो घेतला तोच अर्थ मला त्या क्षणी हवा होता, आणि हे मला ठाऊक होतं. मग बाकीच्या अर्थांचं काय करायचं?

खरा मार पुढेच बसला. दत्ताला बोलावलं, तर तो भांडलाच नाही. मी भांडणाची तयारी करून उभा — आणि दत्ता डोकं खाजवत म्हणाला, "म्हणालो असेन, साहेब. तोंडात बसलाय तो शब्द. दिवसात एवढे फोन घेतो, आठवत नाय. पण म्हणालोच असेन." आणि आजींच्या मुलाकडे वळून त्याने हात जोडले. त्याला खरंच वाटलं, की हे आपणच केलं. मी त्याच्या माथी खोटं मारलं ते सोडाच, त्याच्या डोक्यात एक खोटी आठवण ठेवून दिली.

मालक म्हणाले, दोघे जा आणि त्या आजींची माफी मागून या.

दोघे! तुम्ही कल्पना करा. ज्या बाईने माझा आवाज ऐकलाय तिच्यासमोर मला उभं राहायचंय. रिक्षात मी मनातल्या मनात एकच घोकत होतो — बोलायचं नाही. एक अक्षर बोलायचं नाही. लिफ्ट दुरुस्त झाली होती तरी दत्ता म्हणाला, जिन्याने जाऊ. का? तर म्हातारी आपल्यामुळे बसून राहिली, आपण चढू या की. मी धापा टाकत मागून. सहाव्या मजल्यावर ती प्लॅस्टिकची खुर्ची अजून तिथेच होती.

दत्ता आजींच्या पाया पडला. नारळ ठेवला. काय काय बोलला. आजी ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "तूच का रे तो? फोनवर आवाज जरा नाजूक वाटला होता."

मी दत्ताच्या पाठीआड सरकलो.

"फोनवर बदलतो आवाज, आजी," दत्ता म्हणाला. "आमचो आवाज इंटरनेटवरून येतो आता."

"असेल बाई. गोड बोललास पण. 'येतो हं, आजी' म्हणालास. घरातलं कुणी म्हणतं तसं." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि हे? हे बोलत नाहीत का?"

मी घशाला हात लावला. घसा बसलाय, अशी खूण केली. मी! ज्याचा आवाज दिवसभर सगळ्या उपनगरांना कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सांगत होता, तो मी मुक्याचं सोंग घेऊन उभा होतो. आजी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून आत गेल्या आणि माझ्यासाठी खडीसाखर घेऊन आल्या. मी ती तोंडात टाकली. खाली उतरेपर्यंत ती विरघळली नाही.

पुढचं थोडक्यात. दत्ताला फोनवरून काढून गोदामात बसवलं. पुली, वायररोप, ग्रीसचे डबे — ह्यांच्याशी काय बोलणार तो? बोरिवलीला आमची नवी शाखा निघत होती. दत्ताचं घर बोरिवलीतच, आणि ती शाखा त्यालाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. मिळाली मला. पेढे घेऊन मी गोदामात गेलो तेव्हा त्याने दोन उचलले. "एक वैनींच्या शिट्टीचो," म्हणाला.

आणि 'येतंय' गेलं. सुरुवातीला संध्याकाळी निघताना तो मुद्दाम म्हणायचा, "जातंय रे! येतंय म्हटलं की रेकॉर्ड होता!" लोक हसायचे. माझ्या अंगावर काटा यायचा. मग तेही बंद झालं. मग नुसता हात वर करायचा आणि जायचा. त्याच्या आईला गावी फोन करताना मी एकदा बाहेर उभा राहून ऐकलं — ऐकायची सवय माझी, ती कुठे जाते — तर शेवटी म्हणाला, "ठेवतंय." एक शब्द. एका माणसाच्या तोंडातून मी तो काढून घेतला, आणि त्याच्या जागी बसवायला माझ्याकडे काय होतं? 'आपला दिवस शुभ असो.'

हे सगळं असंच मातीत गेलं असतं. गेलं नाही. का ते सांगतो. ह्याच्यासाठीच तर धडधड आहे!

दत्ता ह्या शनिवारी निवृत्त होतोय. रविवारी कुडाळला निघणार, कायमचा. निरोप समारंभ ठरला, आणि परवा मालकांचा मला फोन. "राऊत, घाडीचं ते 'येतंय हां' आठवतं का रे तुला? काय मजा यायची. हल्ली म्हणत नाही तो. जुन्या रेकॉर्डिंगमधून शोध, समारंभात वाजवू. खूश होईल."

मी म्हणालो — हो, 'हं'च म्हणालो.

आता यंत्रणा पुष्कळ सुधारली आहे. पूर्वी कॉल एकेक करून ऐकावे लागायचे. आता शब्द टाकला की तो शब्द ज्या ज्या कॉलमध्ये आला असेल ते सगळे कॉल समोर उभे राहतात, बोलणं टाइप करून दिलेलं. मी 'येतो' टाकलं, 'येतंय' टाकलं. यंत्राला मालवणी येत नाही, त्यामुळे त्याने दत्ताच्या 'येतंय हां'ची वाट लावली होती — कुठे 'ये ताई हा', कुठे 'एक काय हा'. पण सापडले. काय भांडार होतं ते! दत्ता हसतोय, दत्ता लिफ्टमध्ये अडकलेल्या पोराला पाढे म्हणायला लावतोय, दत्ता एका सेक्रेटरीच्या शिव्या ऐकून म्हणतोय, "साहेब, आता पाणी प्या, मग उरलेल्या द्या." मी एकटाच हसत होतो, डोळे पुसत होतो, कॉपी करत होतो. आणि त्या यादीत, दत्ताच्याच फोनच्या नोंदीत, एक ओळ स्वच्छ, न अडखळता टाइप झालेली होती.

'चला येतो हं आजी.'

मी खुर्चीतून उठलो. परत बसलो. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीत फोन लावला, तिथल्या बाईंना विचारलं, की काढून टाकलेला कॉल परत कसा आला? त्या हसून म्हणाल्या, "सर, काढून टाकला की तो तुमच्या पडद्यावरून जातो. आमच्याकडे प्रत राहतेच, आणि हा नवा शोध त्या प्रतींमधूनच होतो. त्यासाठीच तर लोक आमच्याकडे येतात." त्या कॉलच्या सुरुवातीलासुद्धा माझीच घोषणा होती हो. हा कॉलही रेकॉर्ड होत आहे, हे मीच मला सांगत होतो.

लावला. ह्या वेळी मध्ये बंद केला नाही.

आणि काय आहे सांगू का, त्या कॉलला शेवट आहे. तो मी तेव्हा ऐकलाच नव्हता. 'येतो हं, आजी' म्हणताना फोन माझ्या कानापासून लांब गेला होता. डिलीट करायच्या आधीही मी माझ्याच शब्दावर थांबलो होतो. पण यंत्र कुठे थांबतं? मी फोन ठेवण्याआधीच्या तेवढ्या क्षणात आजी बोलल्या आहेत. खुशीत, घाईघाईने —

"ये रे बाबा, सावकाश ये. मी दाराशीच बसते."

मी ते परत परत ऐकलं. आजी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्या मला उत्तर देत होत्या आणि मी चहाला चाललो होतो.

ह्याला सबब नाही. होत्या त्या सगळ्या मी वापरून संपवल्या. दत्ताने शब्द दिला नव्हता, मी दिला होता. आजी माझी वाट बघत बसल्या होत्या. मी तो आवाज पुसला, दत्ताला त्याच्या जागी उभं केलं, त्याची शाखा घेतली, आणि आजींच्या हातची खडीसाखर खाल्ली. झालं. एवढंच होतं.

इथपर्यंत लिहून आज संध्याकाळी मी हे कागद शुभासमोर ठेवले. शुभा म्हणजे बायको, शिट्टीवाली. तिने मेथी निवडता निवडता चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. गॅसच्या जागी हसली. पुढे हसली नाही. मेथी तशीच राहिली. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवून, टेबलावर आपटून सारखे केले.

"हे दत्ताभावोजींनी ऐकलंय?"

"शनिवारी समारंभात वाजवीन म्हणतो. सगळ्यांसमोरच —"

"शनिवारी हार असेल, माईक असेल, टाळ्या असतील. भावोजींना सगळ्यांसमोर हसावं लागेल तुमच्यासाठी. बोरिवली किती लांब आहे इथून?"

मी शर्ट बदलला. तो कॉल मोबाईलमध्ये घेतलेला होताच, परत एकदा बघून घेतला. दत्ताला फोन केला नाही. फोनवर मी पुष्कळ बोललोय. चपला घातल्या. एक पाय दाराबाहेर आणि छातीत नुसता ढोल. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, मागे न बघता, तोंडातून निघूनच गेलं.

"येतो गं."

शुभा म्हणाली, "आधी जा तरी."